विश्लेषण : एक चौकट बदलायला आख्खे ॲप का बदलायचे?

दोन एकर वीस गुंठे. परळी तालुक्यातल्या शेतकऱ्याला त्याचे क्षेत्र विचारले, की उत्तर असे एकर-गुंठ्यांत येते. सिरसाळ्यात विचारा, धर्मापुरीत विचारा, हिशोब हाच. सातबारा मात्र हेक्टर आणि आर या मापात बोलतो. आता असे समजा, की मोबाइलवरच्या एखाद्या फॉर्ममध्ये 'क्षेत्र' अशी चौकट आहे. शेतकऱ्याने तिथे सरळ २.२० लिहिले. प्रोग्रॅमने ते दोन हेक्टर वीस आर असे घेतले. म्हणजे झाले जवळपास साडेपाच एकर. प्रत्यक्षात दोन एकर वीस गुंठे म्हणजे अडीच एकर, हेक्टरमध्ये साधारण १.०१. एका चौकटीने क्षेत्र दुपटीहून जास्त केले. पुढे विमा असो, अनुदान असो की पंचनामा, कागदावरचे क्षेत्र आणि रानातले क्षेत्र जुळेना, तर हेलपाटे शेतकऱ्यालाच.

यावर उपाय अवघड नाही. चौकटीचे दोन भाग करायचे, एकावर 'हेक्टर' आणि दुसऱ्यावर 'आर' लिहायचे, आणि खाली एक ओळ टाकायची : '१ आर म्हणजे साधारण १ गुंठा, १ एकर म्हणजे ४० गुंठे'. हे बदलायला किती वेळ लागावा? उत्तर प्रोग्रॅम कसा बांधला आहे यावर अवलंबून आहे. एका पद्धतीत दहा मिनिटे. दुसऱ्या पद्धतीत नवे व्हर्जन, त्याची चाचणी, प्ले स्टोअर आणि मग गावोगावी 'ॲप अपडेट करा' अशी दवंडी. या दोन पद्धतींतला फरक संगणकाच्या वर्गात शिकवला जातो, पण त्याचा परिणाम तहसील कार्यालयाबाहेरच्या रांगेत दिसतो. म्हणून तो सगळ्यांना माहीत असायला हवा.

डिझाइनची फाइल म्हणजे काय?

कोणत्याही प्रोग्रॅमला दोन अंगे असतात. एक दिसणारे : चौकटी, बटणे, याद्या, मथळे. दुसरे न दिसणारे : बटण दाबल्यावर काय करायचे, बेरीज कशी करायची, माहिती कुठे साठवायची. पूर्वी ही दोन्ही अंगे एकाच कोडमध्ये लिहिली जात. 'डावीकडून शंभर, वरून चाळीस अंतरावर एक चौकट काढ' असे प्रोग्रॅमरने ओळीने लिहायचे. पन्नास चौकटींचा फॉर्म म्हणजे अशा शेकडो ओळी.

मग फॉर्म काढण्याची वेगळी साधने आली. माउसने चौकट उचलायची, जागेवर ठेवायची, तिला नाव द्यायचे आणि फाइल सेव्ह करायची. 'क्यूटी डिझायनर' हे त्यातले बरेच वापरले जाणारे साधन. त्यातून निघणारी 'डॉट यूआय' फाइल म्हणजे एक्सएमएल पद्धतीचा साधा मजकूर असतो. अमुक नावाची खिडकी, तिच्यात तमुक नावाची चौकट, चौकटीशेजारी 'हमाली' असा मथळा, अशी ती यादी असते. त्यात हिशोब नसतो. घराचा नकाशा आणि घरात राहणारी माणसे यांत जेवढा फरक, तेवढाच या फाइलमध्ये आणि कोडमध्ये.

'चालू असताना लोड करणे' म्हणजे काय?

या फाइलचे पुढे दोन प्रकारे काय करता येते, इथे खरा मुद्दा आहे.

पहिला प्रकार : प्रोग्रॅम तयार करतानाच डिझाइनच्या फाइलचे कोडमध्ये रूपांतर करायचे. क्यूटीमध्ये हे काम 'यूआयसी' नावाचे साधन करते. फाइलमधली प्रत्येक चौकट सी प्लस प्लसच्या ओळींत उतरते आणि प्रोग्रॅममध्ये कायमची मिसळते. त्यानंतर मूळ फाइल वापरणाऱ्याच्या संगणकावर नसली तरी चालते. पण तिच्यातले एक अक्षर बदलायचे, तरी प्रोग्रॅम पुन्हा बांधावा लागतो.

दुसरा प्रकार : फाइल जशी आहे तशी बाजूला ठेवायची. प्रोग्रॅम सुरू झाला, की त्याने ती उघडायची, वाचायची आणि त्या क्षणी चौकटी उभ्या करायच्या. क्यूटीमध्ये यासाठी 'क्यूयूआयलोडर' नावाची सोय आहे. पायथनमध्ये काम करणारे 'पायक्यूटी'ची 'लोडयूआय' ही एका ओळीची आज्ञा वापरतात. इथे फाइल बदलली, की पुढच्या वेळी प्रोग्रॅम उघडताच फॉर्म बदललेला दिसतो. प्रोग्रॅमला हात लावावा लागत नाही.

छापखान्यातले उदाहरण घेऊ. जुन्या छापखान्यात लग्नपत्रिकेचा मजकूर खिळे जुळवून लावत. मुहूर्ताची वेळ बदलली तर दोन खिळे काढून दुसरे दोन बसवायचे, काम झाले. पण तीच पत्रिका ब्लॉक करून आणली असेल, तर एका आकड्यासाठी नवा ब्लॉक. ब्लॉक भक्कम असतो, त्यातले अक्षर निसटून पडत नाही. खिळ्यांचे तसे नाही. एखादा खिळा उलटा बसला, तर पाहुणे चुकीच्या वेळी येतात. दोन्ही पद्धतींचे गुणदोष यात आले.

ही कल्पना नवी आहे का?

नाही. १९८०च्या दशकाच्या शेवटी स्टीव्ह जॉब्स यांच्या नेक्स्ट कंपनीच्या संगणकांवर 'इंटरफेस बिल्डर' आला. त्यामागे जाँ-मारी युलो हे फ्रेंच संगणकतज्ज्ञ होते. त्यात काढलेला फॉर्म 'निब' नावाच्या फाइलमध्ये राहायचा आणि प्रोग्रॅम चालू होताना त्यातून जिवंत व्हायचा. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये पहिला वेब ब्राउझर लिहिला, तो याच नेक्स्ट संगणकावर.

लिनक्सच्या जगात १९९८ मध्ये 'ग्लेड' हे फॉर्म काढण्याचे साधन आले. सुरुवातीला ते फॉर्मपासून कोड तयार करून द्यायचे. नंतर ती सोय काढून टाकण्यात आली आणि फाइल चालू प्रोग्रॅममध्ये लोड करणे हीच रीत ठरली. २००७ मध्ये जीटीकेच्या २.१२ या आवृत्तीत त्यासाठी 'जीटीकेबिल्डर' आला. मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये 'झॅमल' ही अशीच भाषा आणली. तिच्या फाइलचे आधी रूपांतर करता येते आणि चालू प्रोग्रॅममध्ये थेट वाचताही येते.

आणि सगळ्यांत मोठे उदाहरण तुमच्या हातात आहे. ब्राउझर म्हणजे दुसरे काय? वेबपानाची रचना एचटीएमएलमध्ये लिहिलेली असते. ब्राउझर ती त्या क्षणी आणतो आणि पडद्यावर उभी करतो. वर्तमानपत्राच्या डिजिटल डेस्कवर आम्ही बातमीचा साचा बदलतो, तेव्हा वाचकाला ब्राउझर नव्याने घ्यावा लागत नाही. संकेतस्थळावर जे आपण गृहीत धरतो, ते ॲपमध्ये मागायला मात्र कोणी जात नाही.

मोंढ्यात मी काय शिकलो?

हे सगळे मी पुस्तकातून सांगत असलो तरी शिकलो मोंढ्यात. इंजिनिअरिंगला असताना सुट्टीत एका आडत दुकानासाठी पट्टी करण्याचा छोटा प्रोग्रॅम लिहून दिला होता. शेतकऱ्याचे नाव, माल, पोती, वजन, भाव, मग हमाली, तोलाई वजा करून हातात येणारी रक्कम. पायथन आणि पायक्यूटी. पहिल्या खेपेला फॉर्म कोडमध्येच बांधला. मालक रोज एक बदल सांगायचे. 'पोत्यांची चौकट वर घे', 'भावाचे अक्षर मोठे कर, चष्मा लावावा लागतो'. प्रत्येक वेळी मी जायचो, कोड बदलायचो, प्रोग्रॅम पुन्हा बांधायचो. आठवडाभरात कंटाळलो.

दुसऱ्या खेपेला फॉर्मची फाइल वेगळी काढली आणि ती चालू प्रोग्रॅममध्ये लोड केली. दुकानातल्या मालकांच्या पुतण्याला क्यूटी डिझायनर दाखवला. अर्ध्या तासात तो चौकटी हलवायला शिकला. त्याला कोडमधले काही येत नव्हते, पण दुकानात काम कसे चालते ते माझ्यापेक्षा शंभरपट माहीत होते. कोणती चौकट आधी भरली जाते, काट्यावरचा माणूस कोणता आकडा आधी ओरडतो, त्या क्रमाने त्याने फॉर्म लावला. पट्टी करायचा वेळ खरोखरच कमी झाला. फॉर्म भरणाऱ्यानेच तो मांडला, की असे होते. या पद्धतीचा सगळ्यांत मोठा फायदा मला तिथे कळला.

तोटाही तिथेच कळला. एक दिवस पुतण्याने हमालीची चौकट हलवण्याऐवजी काढून टाकली आणि नवी ओढून ठेवली. दिसायला फॉर्म तसाच. पण डिझायनरने नव्या चौकटीला आपले नाव दिले, 'लाइनएडिट_७' असे काहीतरी. माझा कोड 'हमाली' या नावाची चौकट शोधत होता. ती सापडली नाही. आणि मी शहाणपणा करून आधीच लिहून ठेवले होते, की चौकट सापडली नाही तर रक्कम शून्य धर, म्हणजे प्रोग्रॅम बंद पडणार नाही.

प्रोग्रॅम बंद पडला नाही. दोन दिवस पट्ट्या निघत राहिल्या आणि त्यांत हमाली शून्य. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हमालांचे मुकादम आपली पोत्यांची मोजणी घेऊन आले. त्यांच्या वहीत पोती होती, दुकानाच्या हिशोबात हमाली नव्हती. मला बोलावून घेतले. मुकादम एवढेच म्हणाले, "इंजिनिअर, तुमचं मशिन हमालाला वळखत नाही का?" शेतकऱ्यांना दिलेल्या पट्ट्या परत मागता येत नव्हत्या. दोन दिवसांची हमाली मालकांनी खिशातून भरली. मला कोणी रागावले नाही, त्याचेच जास्त वाईट वाटले.

चूक पुतण्याची नव्हती. त्याला जे हलवू दिले ते त्याने हलवले. चूक माझी होती. फाइल बाहेर ठेवली, पण फाइल आत घेताना तपासली नाही.

मग सगळेच सरसकट असे का करत नाहीत?

कारण वरच्या गोष्टीतच आहे. प्रोग्रॅम सी प्लस प्लससारख्या भाषेत असता आणि फॉर्म कोडमध्ये मिसळलेला असता, तर नाव बदलल्याबरोबर कंपायलरने प्रोग्रॅम बांधायलाच नकार दिला असता. म्हणजे चूक माझ्या टेबलावर कळली असती. फाइल चालू प्रोग्रॅममध्ये लोड केली, की चूक गिऱ्हाइकाच्या टेबलावर कळते. कधी प्रोग्रॅम धाडकन बंद पडतो, आणि कधी माझ्या प्रोग्रॅमसारखा गप्प राहतो. गप्प राहणे जास्त घातक.

दुसरे कारण वेगाचे. मजकूर वाचून त्यातून चौकटी उभ्या करायला थोडा वेळ लागतो. अँड्रॉइडने यातून मधला मार्ग काढला आहे. ॲप लिहिणारा फॉर्मची रचना एक्सएमएलमध्येच वेगळी लिहितो, पण ॲप बांधताना तिचे आटोपशीर बायनरी रूप करून ते ॲपच्या आत बंद केले जाते. स्क्रीन उघडताना 'लेआउट इन्फ्लेटर' त्यातून चौकटी उभ्या करतो. तोच इन्फ्लेटर बाहेरून आणलेली साधी एक्सएमएल फाइल वाचत नाही, असे अँड्रॉइडच्या दस्तऐवजात स्पष्ट म्हटले आहे, आणि कारण वेगाचेच दिले आहे. म्हणजे अँड्रॉइडवर बाहेरच्या फाइलमधून फॉर्म घडवायचा असेल, तर ती सोय ॲप लिहिणाऱ्याने स्वतः करावी लागते. त्याला जास्त मेहनत पडते. निविदेत अट नसेल, तर ती मेहनत कोण करील?

अशी सोय केलेले मोठे उदाहरण आहे का?

आहे. 'ओपन डेटा किट' म्हणजेच ओडीके. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात २००८ मध्ये गाएतानो बोरिएलो यांच्या पुढाकाराने हे काम सुरू झाले. आज जगभर आरोग्य, शेती आणि पाण्याच्या सर्वेक्षणांत ते वापरले जाते. त्याचे अँड्रॉइड ॲप एकच असते. प्रश्नावली मात्र वेगळ्या फाइलमध्ये असते आणि ॲप ती सर्व्हरवरून उतरवून घेते. ही प्रश्नावली एक्सेलसारख्या तक्त्यात लिहिता येते : एका स्तंभात प्रश्नाचा प्रकार, दुसऱ्यात नाव, तिसऱ्यात दिसणारा मजकूर. मराठीसाठी मजकुराचा आणखी एक स्तंभ जोडायचा. तक्ता भरता येणारा कोणताही कारकून हे करू शकतो.

या पद्धतीत तीन गोष्टी नीट जमवल्या आहेत. फॉर्मला आवृत्तीचा क्रमांक असतो, म्हणजे कोणती नोंद कोणत्या फॉर्मवर भरली ते कळते. एकदा उतरवलेला फॉर्म फोनमध्ये राहतो, म्हणून रानात रेंज नसली तरी भरता येतो. आणि फॉर्म चुकीचा लिहिला असेल, तर तक्त्याचे फॉर्ममध्ये रूपांतर होतानाच बऱ्याच चुका पकडल्या जातात, गावात पोहोचल्यावर नव्हे.

आपल्याकडच्या ॲपना हे कुठे लागू पडते?

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. तलाठ्याकडे असलेली पीकपेऱ्याची नोंद शेतकऱ्याच्या फोनवर आली. कामाचा आवाका पाहता हा मोठा बदल होता आणि त्याचे श्रेय द्यायला हवे. २०२२ च्या खरिपात दुसरे व्हर्जन आले, पुढे डिजिटल क्रॉप सर्व्हे अर्थात डीसीएसच्या नावाने वेगळे ॲप आले. प्रत्येक वेळी नवे ॲप घ्या, जुने काढा, हे ओघाने आलेच.

यातले सगळे बदल डिझाइनच्या फाइलने झाले असते, असे म्हणणे चुकीचे होईल. दुसऱ्या व्हर्जनमध्ये जिओ-फेन्सिंग आले. पिकाचा फोटो त्याच गटातून घेतला का, हे तपासायचे तर नवा हिशोब लिहावा लागतो. तो कोडचा बदल आहे, त्याला नवे व्हर्जन हवेच. नोंद केल्यावर ४८ तासांत दुरुस्तीची मुभा दिली गेली, तीही नियमाची गोष्ट, म्हणून कोडची.

म्हणून बदलाचे तीन थर वेगळे ओळखता आले पाहिजेत. पहिला थर माहितीचा : पिकांची यादी, दर, तारखा. दुसरा डिझाइनचा : चौकट कुठे, तिच्यावर काय लिहिले आहे, कोणती आधी, कोणती नंतर. तिसरा नियमांचा : हिशोब आणि तपासणी. दुकानदारांनी हा फरक जीएसटीत अनुभवला आहे. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला, तेव्हा बिलाचा फॉर्मच बदलला. व्हॅटच्या जागी सीजीएसटी आणि एसजीएसटी असे दोन स्तंभ आले, एचएसएन कोड आला, हिशोबही बदलला. तिन्ही थर एकदम हलले. त्या उलट २२ सप्टेंबर २०२५ ला दर बदलले, तेव्हा ट्रॅक्टरवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. फॉर्म तोच, हिशोबाची रीत तीच, फक्त आकडा वेगळा. ज्यांच्या प्रोग्रॅममध्ये दर तक्त्यात होता, त्यांनी तो तक्त्यात बदलला. ज्यांच्या प्रोग्रॅममध्ये तो कोडमध्ये लिहिलेला असेल, त्यांना प्रोग्रॅमर शोधावा लागला असणार.

शेतकऱ्याच्या फॉर्ममधली हेक्टर-आरची चौकट दुसऱ्या थरातली आहे. तिच्यासाठी तिसऱ्या थराएवढा खटाटोप का करायचा, हा माझा प्रश्न आहे.

यात मराठीचा काय संबंध?

बराच आहे. बरेचसे फॉर्म आधी इंग्रजीत आखले जातात आणि मराठी नंतर बसवली जाते. इंग्रजी शब्दाच्या मापाने चौकट ठरलेली असते. 'एरिया' हा शब्द मावतो तिथे 'लागवडीखालील क्षेत्र' मावत नाही. शेवटचे शब्द तीन टिंबांत जातात. देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतो. ओळीची उंची इंग्रजीपुरती ठेवली, तर मात्रा छाटली जाते. माझ्या वडिलांच्या फोनवर एका नोंदणीच्या ॲपमध्ये अक्षरे मोठी केली, तर 'पुढे' आणि 'मागे' ही दोन्ही बटणे अर्धीच दिसत. कोणते कोणते ते रंगावरून ओळखायचे. वडील म्हणाले, "हे असंच असतं का रे?" नाही, असे असायचे कारण नाही.

डिझाइनची फाइल वेगळी असेल आणि चौकटी मोजून न ठेवता एकमेकींच्या आधाराने पसरणाऱ्या असतील, तर मजकूर लांबला की चौकट लांबते. क्यूटी, जीटीके, अँड्रॉइड या सगळ्यांत ही सोय वर्षानुवर्षे आहे. आणि फाइल वेगळी असली, तर कोणता शब्द लोकांना कळतो, कोणता कळत नाही, हे सुधारणे हाताशी येते. आमच्याकडे खरिपाच्या संकरित ज्वारीला 'हायब्रीड' म्हणतात. यादीत कंसात तो शब्द दिला, तर शोधणाऱ्याचा वेळ वाचेल. अशी सूचना पुण्या-मुंबईत सुचणार नाही. ती तालुक्यातून यावी लागेल, आणि ती स्वीकारायला नवे व्हर्जन काढावे लागत नसेल तरच ती स्वीकारली जाईल.

सुरक्षेचे काय?

हा आक्षेप सगळ्यांत गंभीर आहे. बाहेरून आलेली फाइल ॲपने निमूटपणे उघडायची, तर कोणीतरी मध्येच खोटी फाइल घुसवू शकतो. फॉर्ममध्ये एक नवी चौकट वाढवायची, 'बँकेचा ओटीपी टाका'. ॲप ओळखीचे, रंग ओळखीचे, शेतकरी टाकून मोकळा. शिवाय काही पद्धतींत डिझाइनची फाइल दिसते तेवढी निरुपद्रवी नसते. झॅमलच्या फाइलमधून चौकटींव्यतिरिक्त इतर गोष्टीही चालू करता येतात. म्हणून परक्याकडून आलेली झॅमल फाइल थेट लोड करू नये, असा इशारा मायक्रोसॉफ्टच देते.

पण या धोक्यांवर उपाय माहीत आहेत. फाइलवर डिजिटल सही असावी आणि सही जुळली नाही तर ॲपने ती नाकारावी. फाइलमध्ये फक्त ठरावीक प्रकारच्या चौकटी चालाव्यात, बाकी काही दिसले तर थांबावे. गूगल प्लेचा नियमही असा आहे, की ॲपने बाहेरून चालवता येणारा कोड उतरवू नये. फॉर्मचे वर्णन म्हणजे कोड नव्हे, ते वर्णनच राहिले पाहिजे.

परळीकरांना यासाठी लांब जायला नको. आपल्याकडे औष्णिक वीज केंद्र आहे. २५० मेगावॅटचे तीन संच त्यात आहेत. अशा केंद्रांच्या नियंत्रण कक्षांत पूर्वी भिंतभर पॅनेल असत, आता पडद्यावर चित्रे असतात. बॉयलर, पंप, व्हॉल्व्ह यांची ही चित्रे वेगळ्या साधनात काढायची आणि चालू प्रणालीने ती उघडायची, ही या क्षेत्रातली नेहमीची रीत आहे. एखादा व्हॉल्व्ह चुकीच्या जागी दाखवला तर काय होईल, हे सांगायला नको. म्हणून कोणी बदल सुचवला, कोणी तपासला, कोणी मंजूर केला, याची नोंद ठेवूनच असे बदल करायचे असतात. बदल सोपा आहे म्हणून तो कोणीही करावा, असे नसते. सोपेपणा आणि शिस्त एकत्र नांदू शकतात.

मग मागायचे काय?

माझे मत स्पष्ट आहे. लोकांना सक्तीने वापराव्या लागणाऱ्या प्रत्येक ॲपमध्ये फॉर्मची रचना कोडपासून वेगळी असावी आणि ती चालू ॲपमध्ये लोड होणारी असावी. ज्या ॲपला पर्याय नाही, त्याच्यातली चूक दुरुस्त व्हायला हंगाम निघून जाणे परवडत नाही. पण मोंढ्यातल्या त्या दोन दिवसांची आठवण ठेवून यासोबत पाच अटीही हव्यात.

एक, फाइल आत घेताना ॲपने आवश्यक चौकटींची नावे तपासावीत. एकही कमी असेल तर फाइल नाकारावी. 'सापडली नाही तर शून्य' हे कधीही नको.

दोन, नाकारल्यावर पडदा कोरा राहू नये. ॲपसोबत आलेली किंवा आधीची बरोबर चाललेली फाइल उघडावी. रेंज नसेल तेव्हाही हीच फाइल कामाला येईल.

तीन, प्रत्येक फाइलवर सही आणि आवृत्तीचा क्रमांक असावा, आणि भरलेल्या प्रत्येक नोंदीसोबत तो क्रमांक जावा. उद्या वाद झाला, तर शेतकऱ्याने नेमका कोणता फॉर्म पाहिला होता, हे दाखवता आले पाहिजे.

चार, नवा फॉर्म आधी एका तालुक्यात वापरून पाहावा. मोठी अक्षरे लावून, स्वस्तातल्या फोनवर, भर उन्हात.

पाच, काय बदलले आणि का, याची तारखेसह नोंद सगळ्यांना वाचता येईल अशी ठेवावी. अर्जाचा नमुना बदलला तर आपण परिपत्रक मागतो. पडद्यावरचा नमुना मात्र न सांगता बदलतो, हे बरोबर नाही.

यावर खर्चाचा आक्षेप येईल. सुरुवातीला मेहनत जास्त पडेल, हे खरे आहे. पण दरवेळी नवे ॲप उतरवायला लागणारा डेटा, वेळ आणि सेतू केंद्रावरचे हेलपाटे यांचा खर्च कोणाच्याच निविदेत दिसत नाही. तो शेतकऱ्याच्या खिशातून जातो, म्हणून तो नाही असे आपण धरून चालतो.

त्या आडत दुकानातला प्रोग्रॅम नंतर मी दुरुस्त केला. फाइल उघडताना तो आधी नावे मोजतो. हमालीची चौकट नसेल तर लाल अक्षरांत तसे सांगतो आणि जुना फॉर्म उघडतो. ही तपासणी लिहायला वीसेक ओळी लागल्या. त्या आधीच लिहिल्या असत्या, तर मुकादमांना वही घेऊन यावे लागले नसते.